तक्रारी, असल्यास

सकाळी नऊला अर्धा कप चहा घेतला की वसुधा हरकरे संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. सेक्शनमधल्यांचा समज होता की बाईंचा उपास असतो. शेजारच्या टेबलावरचा सचिन दुबे एकदा म्हणाला होता, "मॅडम, बाकियों के भगवान का एक-एक दिन होता है, आपके वाले ने तो पूरा हफ्ता ले रखा है." सगळे हसले. वसुधाही हसली.

जबलपुरात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. लोक कूलरसमोरून हलत नाहीत आणि दर तासाला बाटली भरून आणतात. वसुधाच्या टेबलावर बाटली नसे, कारण तिला तहानच लागत नसे. एखाद्या पाहुण्याला वर्षानुवर्षं दारातूनच परत पाठवलं की तो यायचा थांबतो, तशी तिची तहान यायची थांबली होती.

निवृत्तीला तीन महिने उरले असताना, जानेवारीत, तिला ताप आला आणि तो उतरेना. डॉक्टरांनी सोनोग्राफीची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. एक मूत्रपिंड आकसून जवळपास निकामी झालं होतं, दुसरं थकलेलं होतं. जंतुसंसर्ग एकदा झालेला नव्हता. वर्षानुवर्षं होत राहिला होता, आणि बाईंनी दर वेळी दुकानातून गोळ्या आणून घेतल्या होत्या.

"लघवी रोखून धरायची सवय होती का तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"सवय नव्हती," वसुधा म्हणाली. "ऑर्डर होती."

डॉक्टरांना तो विनोद वाटला.

ती ऑर्डर इंग्रजीत होती, एका ओळीची, हिरव्या शाईतली. आणि तिचा अर्थ वसुधाला एका विद्वान माणसानं समजावून सांगितला होता.

*

वसुधाचे वडील शहपुऱ्याच्या शाळेत शिक्षक होते. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि इंग्रजी फक्त परीक्षेपुरती, असं तिचं शिक्षण झालं. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत ती केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून म्हणून लागली, तेव्हा जबलपूरच्या सदर भागातल्या त्या बैठ्या इमारतीत साठ पुरुष होते आणि एक बाई. ती बाई म्हणजे टायपिस्ट सुनेत्रा. वसुधा आली आणि दोघी झाल्या.

पहिल्या आठवड्यात वसुधा जो शब्द शिकली, तो होता 'पुट अप'. सरकारी कार्यालयात फाइल खालून वर जाते आणि वरून खाली येते. ती तयार करून साहेबांपुढे ठेवायची, याला पुट अप करणं म्हणतात. साहेब फाइलमधल्या शेऱ्यांच्या कागदावर, नोटशीटवर, लिहायचे, 'पुट अप टुमॉरो.' शिपाई ओरडायचा, "मॅडम, पुट अप हुई क्या?" महिन्याभरात वसुधा घरीही आईला म्हणू लागली होती, "आई, जेवण पुट अप कर."

हे शिकवलं विष्णुपंत डबीरांनी. ते हेड क्लार्क, म्हणजे सगळ्यांचे 'बडे बाबू'. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या काळी नर्मदेच्या या बाजूला कोणा सरदाराची पत्रं लिहायला आले होते, असं ते सांगत, आणि त्यांचं इंग्रजी ऐकलं की ते खरं वाटे. दिल्लीचं पत्र आलं की साहेबसुद्धा आधी त्यांना विचारायचे. त्यांच्याजवळ लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही होती. तिच्यात त्यांनी इंग्रजीतली जोडक्रियापदं उतरवून ठेवली होती, एकेकाचे सगळे अर्थ, खाली उदाहरणं.

"हे बघ पोरी," ते वसुधाला सांगायचे, "क्रियापद म्हणजे बैल. मागचा तो छोटा शब्द, अप, डाऊन, ऑफ, तो कासरा. बैलाकडे पाहू नको. कासरा कुठं ओढून राहिला ते पाहा."

सेक्शनला लागून एक अडगळीची खोली होती. विष्णुपंतांनी ती साफ करून घेतली, फळा लावला, दोन बाकं मिळवली. पाच वाजल्यानंतर कर्मचाऱ्यांच्या मुलांना ते तिथं इंग्रजी शिकवायचे, फुकट. शहरातल्या मराठी घरांमध्ये त्यांचं नाव देवाच्या खालोखाल घेतलं जायचं. वसुधाच्या वडिलांनी तर मुलीला सोडायला आले तेव्हा त्यांचे पायच धरले होते. "तुमच्या भरवशावर ठेवून राहिलो जी," ते म्हणाले होते. तेव्हापासून ती त्यांना काका म्हणू लागली.

त्या इमारतीत बायकांसाठी बाथरूम नव्हतं. ते मुख्य इमारतीत होतं, सहाशे पावलांवर. सहाशे हा आकडा सुनेत्रानं मोजलेला होता. मध्ये एक फाटक होतं, तिथं चौकीदार, आणि चौकीदारासमोर रजिस्टर. नाव, वेळ, बाहेर जाण्याचं कारण, सही. कारणाच्या रकान्यात दोघी 'काम' असं लिहायच्या. चौकीदार मान वाकडी करून वाचायचा आणि विचारायचा, "कौन सा काम, मॅडम?" बाकड्यावर बसलेले ड्रायव्हर हसायचे. परत येताना पुन्हा सही.

"मी एक दिवस लिहून टाकीन, 'सरकारी काम'," सुनेत्रा म्हणायची. ती वसुधापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, तोंडानं फटकळ. "इथं बाकी कोणतं काम एवढ्या नियमानं होते?"

दिवसातून दोनदा हे करण्यापेक्षा पाणी न पिणं सोपं होतं. सुनेत्रा सकाळपासून पाणी प्यायची नाही. वसुधाला मात्र ते जमत नव्हतं. तिला जमवायचंही नव्हतं. ती तेवीस-चोवीस वर्षांची होती आणि तिला वाटायचं की सरकारात अर्ज केला की काम होतं.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात तिनं अर्ज केला. हिंदीत, सुवाच्य अक्षरात. खाली इमारतीचा छोटा नकाशासुद्धा काढला. वडिलांनी तिला शाळेत नकाशे काढायला शिकवलं होतं, ते तिला आवडायचं. नकाशात तिनं दाखवलं की बडे बाबूंच्या शिकवणीच्या खोलीमागून पाण्याचा नळ जातो, तेव्हा तिथं कमीत कमी खर्चात प्रसाधनगृह होऊ शकेल. काकांची खोली आहे, काका काय नाही म्हणतील, असं तिला वाटलं होतं. अर्ज तिनं त्यांच्याच हातात दिला. त्यांनी नकाशा नीट पाहिला. "रेष चांगली आहे तुझी," ते म्हणाले.

"मीही देते," सुनेत्रा म्हणाली होती. "एकटीचा अर्ज म्हणजे भुणभुण. दोघींचा झाला की गाऱ्हाणं."

चार दिवसांनी फाइल साहेबांकडून परत आली. साहेब दक्षिणेकडचे, नवे, कमी बोलणारे. नोटशीटवर त्यांनी हिरव्या शाईत एकच ओळ लिहिली होती: 'पुट अप विथ सिमिलर कम्प्लेंट्स, इफ एनी.'

वसुधानं ती ओळ दहा वेळा वाचली. पुट अप तिला येत होतं. पण तिच्याजवळ बडा फुहारा बाजारातल्या दुकानातून घेतलेली इंग्रजी-हिंदी डिक्शनरी होती आणि खात्री करून घ्यायची खोड होती. तिनं पाहिलं, तर 'पुट अप' वेगळं होतं आणि 'पुट अप विथ' वेगळं. पुट अप विथ, सहन करना, झेलना.

म्हणजे त्या ओळीचे दोन अर्थ होत होते. अशाच आणखी तक्रारी असल्यास त्यांच्यासोबत ही फाइल सादर करा. किंवा, अशा तक्रारी असल्यास सहन करा.

ती फाइल घेऊन विष्णुपंतांकडे गेली.

"काका, हे 'सोबत ठेवा' आहे का 'सहन करा' आहे?"

विष्णुपंतांनी चष्मा कपाळावर सरकवला. ओळ वाचली. मग खिडकीबाहेर पाहिलं. तिथं लिंबाचं झाड होतं. ती शांतता वसुधाला पुढे आयुष्यभर आठवत राहिली, कारण काकांना कुठल्या शब्दावर इतका वेळ लागलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"कासरा बघ," ते म्हणाले. "अपच्या मागे विथ आला. आता बैल वळला. आणि पुढे काय लिहिलं, इफ एनी. असल्यास. तक्रारी असल्यास सहन करा. साहेब लोक असंच लिहितात, सभ्य भाषेत."

"पण सुनेत्राताईही तक्रार देणार होत्या. तिच्यासोबत ठेवा, असं नसेल?"

"दिली का तिनं?"

"म्हणाली होती."

"माझ्याकडे तर काही आलं नाही, पोरी." त्यांनी फाइल मिटली आणि आपल्या टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवली. "तू नवी आहेस. पहिल्याच वर्षी साहेबांच्या डोळ्यावर येऊ नको. तुझ्या वडिलांना मी शब्द दिला आहे."

त्या संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना वसुधानं सुनेत्राला काही विचारलं नाही. तिला राग आला होता. दोघींचं गाऱ्हाणं म्हणणारी सुनेत्रा ऐन वेळी मागे सरली, असं तिच्या मनानं घेतलं. सुनेत्रालाही काही वाटलं असणार, कारण तिनंही पुन्हा विषय काढला नाही. एका खोलीत दोन बाया, आणि मध्ये टाइपरायटरचा आवाज.

दोन महिन्यांत साहेबांची बदली झाली. वसुधानं पाणी कमी केलं. पुढच्या वर्षी तिचं देवदत्त हरकऱ्यांशी लग्न झालं. ते रेल्वेत होते, शांत माणूस. त्यांनाही तिनं कारण सांगितलं नाही. काय सांगणार? ऑफिसात मुतायला जागा नाही, हे नव्या नवऱ्याला सांगायचं वाक्य नव्हतं.

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये कोणी मोठे अधिकारी तपासणीला आले आणि मधलं फाटक दोन तास बंद ठेवलं. सुनेत्रा फाटकापाशी उभी राहिली, चौकीदाराशी बोलली, हात जोडले. मग ती परत आली आणि टाइपरायटरशी बसली. उठली तेव्हा खुर्ची ओली होती. सेक्शनमधल्या कोणीतरी शिपायाला मोठ्यानं हाक मारली, "अरे, मॅडम के यहाँ पानी गिर गया है, पोछा लगा दो." त्या दिवशी हसलं कोणी नाही. पण दुसऱ्या दिवशी सुनेत्रा आली नाही, तिसऱ्याही नाही, आणि मग टपालानं तिचा राजीनामा आला. आठ वर्षांची पक्की नोकरी. तो राजीनामा पुट अप केला वसुधानंच.

तिला निरोप द्यायला कोणी गेलं नाही. वसुधाही गेली नाही. तेव्हा तूही अर्ज दिला असतास तर, हे वाक्य तिच्या ओठावर होतं, आणि ते तोंडातून निघेल या भीतीनं ती गेली नाही. सुनेत्रा पुढे नागपूरला भावाकडे राहायला गेल्याचं कळलं.

बायकांचं बाथरूम झालं दोन हजार चारला, दिल्लीहून सक्त परिपत्रक आलं तेव्हा. ते झालं त्याच खोलीत. विष्णुपंत निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. नळ अर्थातच मागेच होता. तोपर्यंत वसुधाची तहान गेली होती.

*

फेब्रुवारीत कार्यालयात जुन्या फायली काढायची मोहीम निघाली. सगळं कॉम्प्युटरवर जायचं होतं. जे कामाचं ते स्कॅन करायचं, बाकीचं नष्ट. वसुधाला बसून करायचं काम हवं होतं, म्हणून ते तिच्याकडे आलं. सचिन गठ्ठे आणून टाकायचा.

"मॅडम, ये लीजिए, मुगल काल का माल आ गया," तो म्हणायचा.

चौथ्या दिवशी एका गठ्ठ्यात ती फाइल निघाली. वर विष्णुपंतांचं मोत्यासारखं अक्षर: महिला कर्मचारी, सुविधा. वसुधानं नाडी सोडली. तिचा अर्ज होता. नकाशा होता, रेघ अजून ठसठशीत. नोटशीटवर हिरवी ओळ होती. तिच्याखाली एक ओळ तिनं कधी पाहिली नव्हती. निळ्या शाईत, विष्णुपंतांची: 'अप्लिकंट डज नॉट प्रेस. मे बी फाइल्ड.' अर्जदाराचा आग्रह नाही, प्रकरण बंद करावं. खाली सही.

तिनं आग्रह सोडलेला नव्हता. तिला विचारलंच नव्हतं.

तिनं पान उलटलं. मागे टॅगला आणखी एक कागद लावलेला होता. सुनेत्राचा अर्ज. कोपऱ्यात डाक मिळाल्याचा गोल शिक्का आणि त्यात तारीख. वसुधा ज्या दिवशी नोटशीट घेऊन विष्णुपंतांच्या टेबलापाशी उभी होती, त्याच्या आदल्या दिवसाची.

"क्या हुआ मॅडम, कुछ निकला क्या?" सचिननं विचारलं.

"मेरे अक्षर निकले," वसुधा म्हणाली.

तिनं त्या दिवशी नागपूरला तीन ठिकाणी फोन केले. तिसऱ्या फोनवर सुनेत्राचा भाचा भेटला. आत्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली, तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तुम्ही त्या जबलपूरच्या वसुधा का? आत्या सांगायची, तिथं एक मैत्रीण होती म्हणून." वसुधानं फोन ठेवला. 'होती', असं तो म्हणाला होता, आणि तो भूतकाळ आत्याचा होता की त्याचा, ते विचारायचं राहून गेलं.

*

त्याच रविवारी विष्णुपंतांचा सत्कार होता. मराठी मंडळानं त्यांच्या लाल वहीची छापील प्रत काढली होती, आणि मानपत्र लिहायचं काम महिन्यापूर्वीच वसुधाकडे आलं होतं. मंडळाचा चिटणीस अनुपम म्हणाला होता, "काकू, आमची मराठी म्हणजे अर्धी हिंदी. तुमच्याशिवाय कोण लिहील? आणि तुम्ही तर त्यांची ऑफिसमधली पहिली शिष्या." तिनं मनापासून लिहिलं होतं. ते फ्रेम होऊनही आलं होतं. रविवारी तिनं ते वाचायचं होतं.

शनिवारी दुपारी ती मदन महल भागात विष्णुपंतांच्या घरी गेली. पर्समध्ये नोटशीटची आणि सुनेत्राच्या अर्जाची झेरॉक्स होती. तिला एकच हवं होतं: मला माहीत होतं, एवढं त्यांनी म्हणावं. मग ती उद्या वाचेल. नाहीतर कसं वाचायचं, ते तिला कळत नव्हतं.

दार त्यांच्या सुनेनं, अवंतीनं उघडलं. विष्णुपंत पलंगावर उशीला टेकून बसले होते. वय पंच्याऐंशी, अंगावर पांढरं स्वेटर, कानात यंत्र.

"ये. मानपत्र दाखवायला आलीस? 'विद्वान' लिहिलं असशील तर खोड. 'व्यासंगी' लिही. विद्वान सगळेच असतात."

वसुधानं झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. त्यांनी भिंग घेतलं आणि ओळीवरून सावकाश फिरवलं.

"माझं अक्षर बघ," ते म्हणाले. "हात स्थिर होता तेव्हा."

"काका, वरच्या ओळीचा अर्थ काय होतो?"

त्यांच्या चेहऱ्यावर जुना उजेड आला. "पुट अप. वहीत अकरा अर्थ आहेत याचे. पाहुण्याला घरी उतरवून घेणं, पुट अप. छत्री उघडणं, पुट अप. भिंतीवर नोटीस लावणं, किंमत वाढवणं, घर विकायला काढणं. लढत देणं, पुट अप अ फाइट. फाइल सादर करणं आपल्या ऑफिसातलं. विलायतेत कमी ऐकशील. आणि विथ लागला, की..."

"इथं कोणता?"

भिंग थांबलं.

"तू तेव्हाही हेच विचारलं होतं," विष्णुपंत म्हणाले.

म्हणजे त्यांना आठवत होतं. वसुधाला वाटलं होतं, ते विसरले असतील. विसरले असते तर सोपं झालं असतं.

"हो. आणि तुम्ही म्हणालात, सहन करा."

"व्याकरणानं दोन्ही बरोबर आहेत. मी चुकीचं काही सांगितलं नाही."

"आणि सुनेत्राचा अर्ज? तुम्ही म्हणालात, आला नाही. हा शिक्का बघा. आदल्या दिवशीचा आहे."

विष्णुपंतांनी कागद चादरीवर ठेवला. "त्या खोलीत मी बारा वर्षं शिकवलं, वसुधा. ड्रायव्हरची पोरं, शिपायाची पोरं. ज्यांना घरी कंदिलाखाली बसायला जागा नव्हती. त्यातलं एक आज टोरांटोत आहे, दोघं पुण्यात मोठ्या कंपन्यांत. माझ्याजवळ दुसरी जागा नव्हती. तिथं संडास झाला असता, तर काय झालं असतं?"

"संडास झाला असता, काका."

त्यांनी भिंग उशाशी ठेवलं. मग म्हणाले, "काहून जुनं उकरून राहिलीस? झालं नं आता बाथरूम?"

"सुनेत्रा गेली. माझं एक मूत्रपिंड गेलं. मी काही मागायला आले नाही. फक्त म्हणा, की तुम्हाला तेव्हा खरा अर्थ माहीत होता."

"अर्थ माहीत असणं हाच माझा धंदा होता," ते म्हणाले.

वसुधा वाट पाहत राहिली. हे कबूल करणं होतं का? वाक्य असं होतं की दोन्ही अर्थ निघत होते. त्यांनी कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि डबीचं झाकण लावलं.

"थकलो आता. उद्या भेटू."

अवंती पाण्याचा पेला घेऊन आली होती. "घ्या नं ताई, एवढ्या उन्हातून आलात." वसुधानं तो घेतला. डॉक्टरांनी आता तिला पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं, मोजून म्हणजे कमी. थकलेल्या मूत्रपिंडाला जास्त झेपत नाही. दोन घोट घेऊन तिनं पेला ठेवला.

*

रविवारी हॉल भरला होता. विष्णुपंतांचे विद्यार्थी पुण्याहून, भोपाळहून आले होते. टोरांटोचा एक पडद्यावर दिसत होता, त्याचा आवाज मधूनच तुटत होता. शाल झाली, श्रीफळ झालं. अनुपमनं वसुधाचं नाव पुकारलं.

तिनं फ्रेम दोन्ही हातांनी धरली आणि सगळं वाचलं. एक शब्द गाळला नाही. व्यासंगी, निःस्वार्थी, भाषेचा निष्काम सेवक. 'त्यांनी आमच्या दोन पिढ्यांना शब्दांचे अर्थ सांगितले, आणि आम्ही त्या अर्थांवर विसंबून जगलो.' हे वाक्य तिनं महिन्यापूर्वी फार प्रेमानं लिहिलं होतं. टाळ्या झाल्या.

मग तिनं फ्रेम टेबलावर उभी केली आणि पर्समधून कागद काढला.

"याच्यासोबत आणखी एक वाचायचं आहे," ती म्हणाली. "पस्तीस वर्षांपूर्वी साहेबांनी सांगितलं होतं, सोबत ठेवा म्हणून. राहून गेलं होतं."

अनुपमनं हातातली यादी पाहिली. यादीत हे नव्हतं.

कागद हिंदीत होता. वसुधा तो वाचता वाचता मराठीत करत गेली.

"महोदय. कुमारी वसुधा यांनी जे लिहिलं आहे ते खरं आहे. मी या कार्यालयात सहा वर्षं टायपिस्ट आहे. मला बाथरूमला जाण्यासाठी दिवसातून दोनदा फाटकावर कारण लिहून द्यावं लागतं. ते कारण वाचून लोक हसतात. उन्हाळ्यात मी पाणी पीत नाही. नवी मुलगी मात्र पिते. तिनं पाणी पीत राहावं अशी माझी इच्छा आहे. विनंती आहे की माझी ही तक्रार तिच्या तक्रारीसोबत जोडावी."

खाली सुनेत्राचं नाव होतं, तेही तिनं वाचलं, तारखेसकट.

हॉलमध्ये कोणाला काय करावं ते कळेना. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर सावरला. कोणीतरी खोकलं. पडद्यावरचा टोरांटोचा विद्यार्थी हसतमुख गोठला होता. त्याचं नेट गेलं होतं. अनुपम पुढे झाला आणि त्यानं हळूच माइक तिच्या हातातून घेतला.

"काकू जरा भावुक झाल्या," तो म्हणाला. "स्वाभाविक आहे. एवढ्या वर्षांच्या ऑफिसच्या आठवणी. चलो, काकूंसाठी एकदा जोरदार."

टाळ्या झाल्या. मानपत्राला झाल्या होत्या त्याहून जास्त.

वसुधा कागदाची घडी करत विष्णुपंतांच्या खुर्चीपाशी उभी होती. त्यांनी सुनेकडे मान वळवली. कानातलं यंत्र त्यांनी लावलेलं होतं का नव्हतं, ते शालीमुळे दिसत नव्हतं.

"शेवटी काय वाचलं तिनं?" त्यांनी विचारलं.

अवंतीनं एकदा वसुधाकडे पाहिलं. मग ती त्यांच्या कानाशी वाकली. "तुमचंच कौतुक, बाबा. तुमच्या ऑफिसमधलं."

"अच्छा," विष्णुपंत म्हणाले. "आवाज बारीक आहे तिचा. पहिल्यापासून."